पासमोरांच्या कागदांतलं राहिलेलं पान

"फीबी, ही पेटी माझ्या पायावर पडली ना, तर पासमोर घराण्यातला शेवटचा डॉक्टर लंगडा होईल, आणि तुझ्यामुळे होईल!" एलवुड जिन्याच्या मधल्या पायरीवरून ओरडला.

"निवृत्त डॉक्टर," मी खालून म्हटलं. "आणि पाय लागतात कुठे तुला? खुर्चीतून उठतोस कधी?"

"तू खाली उभी राहून हुकूम सोड फक्त."

"तेच करतेय. डावीकडे घे. अरे डावीकडे! त्या पेटीत आजोबांची पत्रं आहेत, बटाटे नाहीत."

तोंडाने भांडत होते खरी, पण आतून मला उकळ्या फुटत होत्या. पहाटेच उठून मी दोनदा केस विंचरले होते आणि पांढरी कॉलर इस्त्री केली होती. आमच्या घराण्याचे कागद न्यायला कॉलेजच्या संग्रहालयाची गाडी दहाला यायची होती. ती पावणेदहालाच अंगणात शिरली, तेव्हा मी लहान मुलीसारखी खिडकीशी धावले. वय वर्षं एकोणसत्तर. एलवुड बघून हसला. हसू दे.

आमच्या घरात सहा पिढ्यांत आठ डॉक्टर झाले. पहिले जेसी पासमोर घोड्यावर खोगीरपिशव्या टाकून या चेस्टर परगण्यात औषधं देत हिंडले, तेव्हापासूनचा एकूण एक कागद आमच्या माळ्यावर होता. पत्रं, रोग्यांच्या वह्या, काढ्यांच्या कृती, औषधांचे डाग पडलेल्या पुस्तिका. पासमोर काही टाकत नाहीत. हा आमचा साधेपणाचा धर्म आहे की एखादा रोग आहे, हे आठांपैकी एकाही डॉक्टरला सांगता आलेलं नाही.

गाडीतून डॅना कोवाल्स्की उतरली. संग्रहालयातली तिशीची बाई, बाह्या दुमडलेल्या, कानामागे दोन पेन्सिली. आल्या आल्या तिने हात धुवायला जागा विचारली आणि कोपरापर्यंत हात धुतले. एलवुडने मान डोलावली. चाळीस वर्षं शस्त्रक्रिया केलेल्या माणसाला खूश करायला तेवढं पुरतं.

"मिस पासमोर, तुम्ही हे सगळं एकटीने लावलंत?" खोक्यांची रांग बघून तिने विचारलं.

"फीबी म्हण. आणि तू म्हण. आमच्या पंथात राष्ट्राध्यक्ष आला तरी तू आणि नुसतं नाव. तीन वर्षं लागली लावायला. हा माझा भाऊ कधी तरी येऊन कॉफी पिऊन जायचा."

"मी वैद्यकीय सल्ला देत होतो," एलवुड म्हणाला.

डॅनाने पहिलंच खोकं उघडलं आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. जेसीने होणाऱ्या बायकोला, लिडियाला, घातलेली लग्नाची मागणी होती ती. मला पाठच आहे. 'गुरुवारी तुझा हात हाती आला तेव्हा मी सवयीने नाडी मोजली. एकशे आठ होती. कारण ताप नसावा अशी आशा आहे.' खाली लिडियाचं उत्तर, एका ओळीचं. 'ताप नव्हता. ये.'

डॅना हसता हसता खाली बसली. "हे तर काचेखाली लावायला हवं! फीबी, तुला कल्पना आहे का लोक यावर काय काय लिहितील?"

"म्हणून तर तुला बोलावलं." मला आनंद आवरत नव्हता. मी तिला या खोक्याकडून त्या खोक्याकडे पळवत होते. हे बघ, पटकीच्या साथीतली वही. हे बघ, काकांनी न्यायालयात शपथ घ्यायला नकार दिला तेव्हाचं पत्र. 'मी एरवीही खरंच बोलतो, तेव्हा शपथ घेऊन निराळं काय बोलणार?' आमच्यातलं कोणीही शपथ घेत नाही. खरं बोलणं हा आमचा एकच दागिना, आणि आठही जणांनी तो वापरून गुळगुळीत केला होता.

"आणि तुझे कागद कुठे आहेत?" डॅनाने सहज विचारलं.

"माझे कसले? मी डॉक्टर नाही. बाबांच्या दवाखान्याचं दार आणि फोन सांभाळायचे. चौतीस वर्षं."

"तिला विचारू नकोस," एलवुड म्हणाला. "हिने बाबांना अंघोळीतून ओढून काढलंय, जेवणावरून उठवलंय. रविवारी सभाघरात प्रार्थनेला सगळे मौन धरून बसलेले असताना ही सरळ उभी राहायची, 'कॅलेब, चल.' आमच्यात ज्याला अंतःप्रेरणा होते तो उठून बोलतो. सगळ्यांना आतून होते, हिला फोनवरून व्हायची."

खरंच होतं ते. पासमोरांच्या दाराशी कोणी थांबून राहत नाही, असं आमच्या भागात म्हणायचे. दुसरी टकटक व्हायच्या आत मी दार उघडायचे. यापलीकडे माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नाही, असं मी त्या दिवशी साडेदहापर्यंत समजत होते.

शेवटचं खोकं बाबांचं होतं. त्यात सभेच्या पत्रव्यवहाराचं एक पाकीट मी न उघडताच बांधलं होतं. सभाघराचं छप्पर, शेगडीची नळी, बाकांना रंग. असल्या पत्रांनी मला झोप येते. डॅनाला येत नव्हती. तिने पाकीट सोडलं, दोन कागद चाळले आणि ताडकन उभी राहिली.

"ही दोषकबुली आहे? एकोणीसशे एक्कावन्नची? शक्यच नाही! ही पद्धत तर कधीच बंद पडली होती!"

पूर्वी आमच्यातल्या कोणाच्या हातून मोठी चूक झाली, की तो ती स्वतः कागदावर लिहून सभेपुढे वाचायचा. सभा तो कागद आपल्या नोंदवहीत घ्यायची आणि प्रकरण मिटायचं. पण बाबांनी? बाबांची कसली चूक? मी चष्मा लावला. डॅना उत्साहाने मोठ्यांदा वाचू लागली. आमच्यात रविवारला पहिला दिवस म्हणतात, आणि हा कुठला रविवार ते मला पहिल्याच ओळीला कळलं.

'प्रिय मित्रहो, दहाव्या महिन्याच्या चौदा तारखेला, पहिल्या दिवशी, मौन चालू असता नुन्झिओ फेरांते सभाघराच्या दाराशी आला. मी त्याला पाहिलं. हाताचा पंजा उचलून त्याला थांबायची खूण केली आणि डोळे मिटून बसून राहिलो. सभा सुटल्यावर आम्ही गेलो. तोवर त्याची मुलगी रोझिना, वय चार, श्वास कोंडून गेली होती. तिच्या श्वासापेक्षा मी माझी शांतता मोठी मानली. हा दोष माझा आहे, दुसऱ्या कोणाचाही नाही. कॅलेब पासमोर.'

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

डॅना थांबली. एलवुडने हातातला कप खाली ठेवला.

"काय बोलतेस तू?" तो म्हणाला. "अक्षर बाबांचंच आहे."

"अक्षर खरं आहे. मजकूर खोटा आहे. बाबांना तो दिसलाच नव्हता, एलवुड. मी बाहेर गेले होते त्याच्याशी बोलायला. दार मागे ओढून घेतलं होतं. पंजा मी उचलला होता."

बावन्न वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही धापा टाकत.

मी सतरा वर्षांची होते. दाराजवळच्या बाकावर बसले होते. नुन्झिओ अळंबीच्या शेडमध्ये काम करणारा, नुकताच इटलीहून आलेला. त्याने कडी वाजवली नाही, ओरडला नाही. पायरीवर चाहूल लागली म्हणून मी बाहेर गेले, तर त्याने टोपी काढून हातात धरली आणि हळूच म्हणाला, डॉक्टर, मुलगी, गळा. देवाच्या घरात मोठ्याने बोलू नये असं त्याला वाटलं असणार. इतका शांत माणूस, म्हणजे दुखणं काही फार नसेल, असं मला वाटलं. बाबा दोन रात्री झोपले नव्हते. समोरच्या बाकावर त्यांचा चेहरा पहिल्यांदाच निवळलेला दिसत होता. आणि सभा सुटायला फार वेळ उरला नव्हता. मी हात उचलून त्याला थांब म्हटलं. तो पायरीवर टोपी धरून थांबला. मी आत येऊन बसले.

आमच्या सभेत कोणीही, केव्हाही उठून बोलू शकतं. तेवढ्यासाठीच ती सभा असते. आणि मी उठले नाही.

"गाडी मी चालवत होतो त्या दिवशी," एलवुड सावकाश म्हणाला. तेव्हा तो वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि सुटीला घरी आला होता. "तो माणूस मागे बाबांच्या शेजारी बसून सारखा हात वर करून काहीतरी दाखवत होता. मला वाटलं, शपथ घेतोय."

"मग त्यानेच सांगितलं बाबांना! म्हणजे बाबांना माहीत होतं! पहिल्या दिवसापासून!" मी उठून खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. मला रडू येत होतं की हसू, ते माझं मलाच कळत नव्हतं. "अरे, दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, 'फीबी, उद्यापासून दाराशी आणि फोनवर तू बस.' मला वाटलं, रसायनशास्त्र जमत नाही म्हणून मला दाराशी बसवलं. मी मनात म्हटलं, देवाने बरोबर शिक्षा दिली. आणि त्यांना सगळं माहीत होतं, एलवुड! माहीत असूनही दार माझ्याच हातात दिलं!"

"तू कॉलेजला जायचं नाही म्हणालीस, ते यामुळे?"

"दुसरं कशामुळे?"

"आणि आम्ही सगळे समजत होतो, तुला अभ्यासाचा कंटाळा आहे."

"तोही होताच थोडा," मी म्हटलं.

डॅनाने हातातला कागद उलटा केला. ती हळूच म्हणाली, "याला एक चिठ्ठी टाचलेली आहे. वाचू?"

चिठ्ठी हॅना यार्नलची होती. ती आमच्या सभेतली ज्येष्ठ बाई, बाबांच्या शेजारी बसायची. शब्दांची भारी कंजूस. तिने लिहिलं होतं: 'कॅलेब, तुझा कागद परत पाठवते आहे. खरं नाही ते नोंदवहीत घेता येत नाही. त्या वेळी तुझे डोळे मिटलेले होते, मी शेजारीच होते. हा कागद जिचा आहे ती लिहील, तेव्हा आपण वाचू. तिला घाई करू नकोस.'

हॅना त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. दर रविवारी तिने माझा हात हातात घेतला, हवापाणी विचारलं. आणि दर रविवारी ती वाट बघत होती. बाबाही बघत होते. दोघं वाट बघत बघत गेली, आणि मला वाटत होतं की माझं गुपित मी मोठ्या हुशारीने लपवलंय. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आणि त्याच वेळी छातीवरचा दगड कोणीतरी सरकवल्यासारखंही वाटत होतं.

"दे इकडे," एलवुड डॅनाला म्हणाला. "हे पाकीट जायचं नाही."

"का?"

"का म्हणजे? सहा पिढ्यांत एकही खोटी ओळ नाही, फीबी. एवढी एकच, आणि तीही बाबांच्या हातची. उद्या कुठला तरी पोरगा प्रबंध लिहील, की कॅलेब पासमोरने आपल्या आरामासाठी मूल मरू दिलं. नाहीतर लिहील, तो खोटं बोलला. दोन्हीकडून बाबाच जाणार. शेगडी पेटलेली आहे. आत टाक आणि विसर."

"पन्नास वर्षं बंद ठेवायची सोय आहे," डॅना घाईघाईने म्हणाली. "मोहर लावून. जाळू नका फक्त. कृपा करून जाळू नका."

"पन्नास वर्षं मीच बंद ठेवलंय त्याला," मी म्हटलं. "आणखी पन्नास नको."

"बाबांनी ते तुझ्यासाठी केलं," एलवुडचा आवाज चढला. "जन्मात एकदा खोटं बोलले, ते तुझ्यासाठी. ते तू चव्हाट्यावर मांडणार?"

"माझ्यासाठी बोलले, म्हणून ते मलाच दुरुस्त करायला पाहिजे. नाहीतर ते तसंच राहील ना! कायमचं राहील. डॅना सांगतेय, त्यांच्या खोल्यांत हवासुद्धा मोजून सोडतात. कागद पाचशे वर्षं टिकतो म्हणे. पाचशे वर्षं बाबांच्या नावावर माझा हात?"

  आमच्यात मतं मोजत नाहीत; पटेपर्यंत गप्प बसायचं. आम्ही तिघं खोक्यांच्या मधोमध बसून राहिलो. डॅना आमच्यातली नव्हती, तिला ते अवघड गेलं असणार, पण तिने पेन्सिलसुद्धा हलवली नाही. माझ्या डोळ्यांपुढे नुन्झिओ येत होता. नंतर त्याला आणखी तीन मुलं झाली आणि प्रत्येकाच्या गोवर-गालगुंडाला तो आमच्याच दाराशी आला. मी दार उघडलं की तो टोपी काढायचा. एकदाही रागाने बघितलं नाही त्याने. राग केला असता तर मला सोपं गेलं असतं.

बऱ्याच वेळाने एलवुडने घसा खाकरला.

"माझं मन मानत नाही," तो म्हणाला. "पण मी आड येणार नाही."

आमच्यात याचा अर्थ होकार असतो.

मी बाबांच्या मेजाशी जाऊन बसले. चांगला जाड कागद घेतला.   किती वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या! मी लिहिलं:

'दहाव्या महिन्याच्या चौदा तारखेला, १९५१, नुन्झिओ फेरांते सभाघराच्या दाराशी आला तेव्हा दाराजवळ मी बसले होते. मी बाहेर जाऊन दार मागे ओढून घेतलं, त्यामुळे तो आतल्या कोणालाही दिसला नाही. हात उचलून त्याला थांबायची खूण मी केली. माझे वडील कॅलेब दोन रात्री झोपले नव्हते, त्यांना उठवावंसं मला वाटलं नाही. सगळ्यांसमोर उभं राहून बोलायची लाजही वाटली. हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं होतं. तो आला तेव्हा माझ्या घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. सभा साडेअकराला सुटली. सगळा वेळ मी घड्याळाकडे पाहत होते. फीबी पासमोर.'

मी कागद एलवुडच्या हातात दिला. त्याने तो एकदा वाचला. मग त्याचं बोट शेवटच्या ओळींवर परत आलं.

"तेवीस मिनिटं," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटत होतं, पाच असतील. फार तर सात."

"तेवीस होती."

त्याने चष्मा काढला. "आम्ही पोचलो तेव्हा तिला जाऊन दहा मिनिटं झाली होती. तिच्या आईने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं होतं बाबांना. हे तुला घरी कोणी सांगितलं नाही. बाबांनी मला बजावलं होतं, सांगू नकोस म्हणून."

 तेवीसातून दहा गेले. एवढं गणित मलाही येतं.

"म्हणजे तो आला तेव्हाच निघाला असतात, तर तिथे तेरा मिनिटं हातात होती," मी म्हटलं. "गळ्याला छेद देऊन नळी घालायला बाबांना किती लागली असती?"

डॅनाने मान खाली घातली. एलवुड माझ्याकडे बघत राहिला. तो माझा भाऊ आहे. सांगता येत नाही, म्हणू शकला असता. घरच्या खाटेवर कठीण असतं, मुलगी फार लहान होती, काहीही म्हणू शकला असता, आणि मी त्यावर विश्वासही ठेवला असता.

"तीन," तो म्हणाला.

"वाचली असती?"

"वाचली असती, फीबी."

एवढी एक गोष्ट मला बावन्न वर्षं कोणीच सांगितली नव्हती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मग एलवुडने माझा कागद हॅनाच्या चिठ्ठीमागे ठेवला, पाकीट बांधलं आणि ते खोकं स्वतः उचलून गाडीकडे निघाला. पायरीपाशी डॅना त्याच्या हातातून ते घ्यायला पुढे झाली, तर त्याने दिलं नाही.